दोर हातातच होता

आमच्या तुकडीत एक भोळा होता. सर्जेराव त्याचं नाव. आपत्ती व्यवस्थापन शिकायला आम्ही नदीकाठच्या दुधेवाडीत मुक्कामाला गेलो, तेव्हा भूगोलाचे सर म्हणाले, "दोर कायम हातात ठेवायचा." संध्याकाळी सर्जेराव जेवायला बसला. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात दोर. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी भिंतीवरची पाल बघूनही किंचाळते, त्यामुळे माझ्याकडे कोणी लक्ष देत नाही.

आमच्या अभ्यासक्रमात भूगोल, समाजकार्य, मानसशास्त्र, सगळंच होतं. एका विषयात शिकलेलं दुसरीकडे वापरा, असं विद्यापीठाचं म्हणणं. ते मनावर घेतलं एकट्या सर्जेरावनं.

सर म्हणाले, "पूर आला की लोकांना उंचावर न्यायचं."

"बरं," सर्जेराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वडावरचं आग्यामोहोळ उठलं. सर्जेरावनं पारावरच्या सगळ्यांना वडावर चढवलं. सरपंच चढेनात, तर त्यांना खालून ढकललं.

सरपंचांचं तोंड भोपळ्याएवढं झालं. समाजकार्याच्या मॅडम कडाडल्या, "अरे, माश्या उठल्या की लोकांना घोंगडी पांघरून जागेवर गप्प बसवायचं!"

"बरं."

बाजाराच्या दिवशी वळू उधळला. सर्जेरावनं भररस्त्यात सगळ्यांवर घोंगडी टाकली आणि गप्प बसवलं. वळू थबकला. मग एकेक घोंगडं हुंगत निघाला. त्यातल्या एका घोंगड्याखाली मी होते. मी किंचाळले. पुढचं सांगत नाही.

सर म्हणाले, "शहाण्या, अशा वेळी पळायचं! मागे वळून बघायचं नाही."

"बरं."

मग सोनाबाई आजी घाटावर घसरल्या आणि चिखलात रुतल्या. "आरं पोरा, हात दे की!"

सर्जेराव पळाला. मागे वळून बघितलं नाही. शेजारच्या गावात सापडला. दोर हातातच होता.

आजींना आम्ही बाहेर काढलं. त्या म्हणाल्या, "ह्येला कुठल्या कालिजात शिकिवलं गं? माझ्या नातवाला तिथं घालायचा न्हाई, म्हणून इचारते."

शेवटी मानसशास्त्राच्या मॅडमनी त्याला मायेनं जवळ बसवलं. "सर्जेराव, संकटातला माणूस हाक मारतो तेव्हा पळायचं नाही. त्याच्याजवळ शांत बसायचं. सगळं ऐकून घ्यायचं. मध्ये एक शब्द बोलायचा नाही. मन मोकळं होऊ द्यायचं."

"बरं."

आणि खरंच पूर आला. गाव टेकडीवर गेलं. औषधांची पेटी राहिली म्हणून मी आमच्या मुक्कामाच्या बालवाडीत परत गेले, तर पाण्यानं वेढलं. पेटी घेऊन कशीबशी कौलांवर चढले. मला पोहता येत नाही.

"वाचवा! कोणी आहे का?"

कोणी ओ दिली नाही.

सरांना हाका मारल्या. दोन्ही मॅडमना मारल्या. सरपंचांना मारल्या. आईला मारली, ती तर सोलापुरात. एक कौल सटकून पाण्यात गेलं. देवाला म्हटलं, यातून वाचव, मी बँकेच्या परीक्षा देईन. पाणी वळचणीला लागलं. घसा बसला. मी रडत रडत गप्प झाले.

तेव्हा कौलांच्या पलीकडून कोणीतरी हलकेच खाकरलं.

सरपटत जाऊन मी डोकावले. खाली होडी. होडीत मांडी घालून सर्जेराव. दोर हातातच होता.

"तू पहिल्यांदा 'वाचवा' म्हणालीस ना मंजिरी, तेव्हापासून ऐकतोय," तो मायेनं म्हणाला. "झालं मन मोकळं? की अजून काही आहे?"