रोज वापरलेला आशीर्वाद

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा घडवलेली दळणाची जाती आता झिजून भाकरीएवढी पातळ झाली असतील, इतकी जुनी.

एका काळ्या डोंगराच्या पायथ्याला पाथरवटांचं गाव होतं. सगळं गाव ख्रिस्ताला मानणारं. आठवडाभर जाती, पाटे, उखळं घडवायची आणि रविवारी दगडी प्रार्थनामंदिरात जमायचं, हा त्यांचा क्रम. स्तोत्रं अशी गोड गात, की वाटेने जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकत उभा राही. आणि सोमवारी? सोमवारी त्याच गळ्यांतून ज्या शिव्या निघत, त्या मी इथे सांगणार नाही, मुलं ऐकताहेत. दगड घणाने फुटतोय की शिवीने, हे बघणाऱ्याला कळत नसे, एवढंच सांगतो.

गावाचे पाळकबाबा म्हातारे होते, भले होते आणि आता पार वैतागले होते. वीस वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले होते. "अरे, ज्या तोंडाने देवाचं नाव घेता, त्याच तोंडाने शेजाऱ्याच्या आईबापांचा उद्धार करता? लाज कशी वाटत नाही?" लोक माना खाली घालून "आमेन" म्हणत. मग बाहेर आल्यावर एखाद्याला आपली चप्पल सापडली नाही, की मंदिराच्या पायरीवरच पुन्हा सुरू!

"बाबा, तुमचं समदं खरं हाय," एक पाथरवट त्यांना म्हणाला. "पन बोटावर हातोडा बसला की तोंडातनं स्तोत्र निघत न्हाई."



पाळकबाबांना एकच लेक होती. ती लहान असतानाच तिची आई वारली. जाताना ती नवऱ्याला म्हणाली होती, "हिच्या लग्नात हिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवा. एक तुमचा, एक माझा. आणि आशीर्वाद नीट द्या."

त्या गावात आशीर्वादाचं वाक्य एकच होतं, "देव तुझं भलं करो." माणसाच्या आयुष्यात ते तीनदाच म्हटलं जाई: बाप्तिस्म्याला, लग्नात आणि शेवटी उशाशी बसून. एरवी ते कुणी तोंडात घेत नसे. सणाचं लुगडं पेटीत जपावं तसं सगळ्यांनी ते जपलं होतं. पाळकबाबा तर लेकीच्या लग्नासाठी ते मनात घोळवत बसत.

लेक मोठी झाली. घाटापलीकडच्या गावाहून पाहुणे तिला बघायला आले. त्यांची गाडी खाणीजवळून येत होती आणि नेमकी त्याच वेळी दोन पाथरवटांची एका पहारीवरून जुंपली होती. काय काय कानावर पडलं ते पाहुण्यांनाच ठाऊक. घरी आल्यावर मुलाचा बाप पाण्याचा तांब्या हातात घेत हळूच म्हणाला, "हे ख्रिस्ताचंच गाव ना? की आम्ही वाट चुकलो?"

लग्न ठरलं, वर्षभरानंतरचा दिवसही धरला, पण तो प्रश्न पाळकबाबांच्या काळजात रुतून बसला.

पुढच्या रविवारी ते उभे राहिले ते कमरेवर हात ठेवूनच. "बस झालं! आजपासून शिवी बंद. राग येऊ दे, बोट ठेचू दे, कुणी पहार पळवू दे. शिवी तोंडाशी आली की तिच्या जागी म्हणायचं, देव तुझं भलं करो. तोंडात आशीर्वाद भरला की शिवीला जागाच उरणार नाही."

छिन्न्यांना धार लावणारी एक म्हातारी लोहारीण होती. शिव्यांत तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. ती उठून उभी राहिली. "बाबा, दुसरं काय बी द्या, पन ते वाक्य आमच्या हातात देऊ नका. आमी दगडाची मानसं. जे द्याल ते वापरून झिजवतो."

"शिव्या सुटत नाहीत म्हणून सबबी सांगू नकोस!" पाळकबाबा कडाडले. म्हातारी खाली बसली.

आणि काय आश्चर्य, गावाने नियम पाळला! पहिले आठ दिवस पाळकबाबा खाणीवरून हिंडले आणि त्यांच्या कानावर एकही शिवी आली नाही. जिकडे तिकडे आशीर्वादच आशीर्वाद. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

पण जरा कान देऊन ऐकलं असतं तर! बोट ठेचलं की पाथरवट हातोडा भिरकावून ओरडे, "देव तुझं भलं करो!" विहिरीवर दोघी जावा घागरी आपटत एकमेकींचं भलं करत. वाळत घातलेल्या मिरच्यांत शेळी शिरली, तर तिच्या मागे दगड घेऊन धावणारा म्हणे, "तुझ्या सात पिढ्यांचं देव भलं करो!" पोरं खेळताना चिडली की दातओठ खाऊन तेच म्हणत. ज्याला खूपच राग येई तो पुढच्याच्या सासऱ्याचंही भलं करून टाकी.

पाळकबाबांनी हे ऐकलं नाही असं नाही. पण शब्द चांगले आहेत ना, मग झालं, असं म्हणून ते पुढे जात. त्यांनाही त्या वाक्याची सवय लागली. उपदेश चालू असताना कुणी घोरलं की ते तिथूनच त्याचं भलं करत. घरी भाकरी करपली की ताट सरकवून लेकीला म्हणत, "देव तुझं भलं करो!" एकदा तिच्या हातून रांजण फुटला, तेव्हा तर त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. लेकीने परसात जाऊन डोळे पुसले. बाबा मात्र समाधानाने म्हणाले, "शिवी तर नाही ना दिली?" शहाण्या माणसाचा हा असा शहाणपणा!

वर्ष उलटलं आणि लग्नाचा दिवस आला. मंदिरात वचनं झाली, गीतं झाली, जेवणं झाली. घाटापलीकडे जाणारी गाडी दाराशी लागली. लेक बापापुढे गुडघे टेकून बसली. पाळकबाबांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले, एक आपला, एक तिच्या आईचा. रडू येत होतं, ते आवरायला त्यांनी जोर लावला आणि शब्द मोठ्याने बाहेर पडले.

"देव तुझं भलं करो!"

लेकीने एकदम अंग चोरलं. डोकं त्यांच्या हातांखालून सुटलं. भरल्या डोळ्यांनी तिने वर पाहिलं.

"अप्पा, आजसुद्धा? माझं काय चुकलं?"

मागे दोन पोरं फिसकन हसली.

"अगं, नाही! बाळ, हा आशीर्वाद आहे," पाळकबाबा घाईघाईने म्हणाले. "खरा आशीर्वाद!"

"हो, अप्पा," ती म्हणाली. पण ते 'हो' चिडलेल्या माणसाला म्हणतात तसलं होतं.

ते दुसरं वाक्य शोधू लागले. दुसरं वाक्य होतंच कुठे? तेवढ्यात गाडीवानाने हाक दिली, घाट उन्हं असतानाच ओलांडायचा होता. लेक गाडीत बसली, गाडी निघाली, आणि म्हाताऱ्याचे दोन्ही हात तसेच रिकामे राहिले.

मग पाळकबाबा संतापून गावकऱ्यांकडे वळले. "तुम्ही लोकांनी... देव तुमचं..." आणि ते तिथेच थांबले. तोंडात दुसरं काही येतच नव्हतं.

लोहारणीने पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने टोमणा मारला नाही, पण बोलल्याशिवाय राहवलंही नाही. "बाबा, आमी शिव्या देत होतो तवा वाईटच होतो. पन आशीर्वाद तरी शाबूत व्हता."

रविवारी पाळकबाबा सगळ्यांसमोर उभे राहिले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी तुमचे शब्द बदलायला गेलो. राग होता तिथेच राहिला. तुमचाही आणि माझाही."

मागून एकाने आशेने विचारलं, "म्हंजे बाबा, आता शिव्या चालतील?"

"नाही!" पाळकबाबांनी कपाळावर हात मारला. "शिवीही नाही आणि शिवीसारखा आशीर्वादही नाही. राग आला की हत्यार खाली ठेवा, विहिरीपर्यंत चालत जा, पाणी प्या आणि राग गेल्यावर परत या. तोवर तोंड बंद. एवढं तरी जमेल का तुम्हाला?"

लगेच जमलं असं समजू नका. कित्येक दिवस विहिरीच्या वाटेवर रांग लागलेली असे. त्या रांगेत पाळकबाबाही असत. लोहारणीला तर पुरती दोन वर्षं लागली. पण ते एक वाक्य पुन्हा कुणी रागाने तोंडात घेतलं नाही.

ती दोन वर्षं सरली आणि लेक तान्हं मूल घेऊन बाप्तिस्म्यासाठी माहेरी आली. मंदिर गच्च भरलं होतं. पाळकबाबांनी बाळाच्या कपाळाला पाणी लावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "देव तुझं भलं करो."

लेकीने आधी आवाज ऐकला, मग शब्द. बाळ तिने लोहारणीच्या हातात दिलं आणि स्वतः गुडघे टेकून मान वाकवली.

"अप्पा," ती म्हणाली, "माझा राहिलाय."

म्हाताऱ्याने दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले, आणि या वेळी ते डोकं हातांखालून सरकलं नाही.

म्हणून सांगतो: राग मनात तसाच ठेवून नुसते शब्द बदलले, तर शिवी सुधारत नाही, आशीर्वाद मात्र नासतो.