वेशीत विचारलेला प्रश्न

एकदा एका नगरीला आपल्या वेशीचे भलतेच वेड लागले. ते आपोआप लागले नव्हते, लावणारा होता. नगरीचा नायक. त्याला सारे ‘थोरले सरकार’ म्हणत, कारण घरात एक धाकटा भाऊही होता आणि त्याला कुणी काहीच म्हणत नसे. थोरल्यांचा आवाज असा, की सभेत त्यांनी ‘आपली भूमी’ असे म्हटले की देवळातल्या घंटा आपोआप वाजत आणि गोठ्यातल्या म्हशी दूध आटवत. मी ऐकलेले सांगतो आहे. म्हशींना विचारायला गेलो नव्हतो.

त्या वर्षी नगरीच्या तळ्याचा बांध फुटला. डागडुजीसाठी आणलेले दगड थोरल्यांनी वेशीची कमान उंच करायला वापरले होते. कमान खरोखर उंच झाली; ढग तिला वळसा घालून जात, असे म्हणतात. पण हंडे रिकामे राहिले आणि लोक विचारू लागले, पाणी कुठे गेले?

थोरल्यांनी सभा बोलावली. म्हणाले, “पाणी कुठे गेले विचारता? पिणारी तोंडे मोजा!” आणि त्यांनी वेशीला लागून असलेल्या वस्तीकडे बोट केले. तिथे दोरखंड वळणारी माणसे राहत. एका दुष्काळात नदीपलीकडून आलेली. नगरीच्या विहिरींवरचे सारे दोर त्यांच्याच हातचे होते, पण त्या घटकेला ते कुणाला आठवले नाही.

“ज्या राज्याला आपल्या दारातून कोण आत येईल हे ठरवता येत नाही, ते राज्यच नव्हे!” थोरले गरजले. लोकांनी माना डोलावल्या. वाक्य खोटे नव्हते, आणि तीच तर त्या माणसाची करामत होती. खऱ्या वाक्याच्या पाठीवर बसवून तो पुढचे काहीही वेशीतून आत आणत असे. पुढचे असे होते: “ज्याची नाळ या मातीत पुरली, तोच इथला! यंदा दसऱ्याला बायकामुलांसह सारी नगरी सीमोल्लंघन करील. परतताना वेशीत प्रत्येकाने नाळेची साक्ष द्यायची. देता आली नाही, तो बाहेर!”

दोर वळणाऱ्यांत गोजरा नावाची एक विधवा होती. पोटुशी असताना ती या नगरीत आली आणि वेशीच्या भिंतीला टेकूनच बाळंत झाली. ते बाळ म्हणजे सगुणा. आता वीस वर्षांची तरणीताठी मुलगी. कारभाऱ्यांनी हिशेब केला तो असा: मुलगी इथली, आई परकी. मुलीने राहावे, आईने जावे. हे त्यांनी गोजराला तिच्याच अंगणात उभे राहून, तिनेच दिलेले पाणी पिऊन सांगितले.

वेशीत प्रश्न विचारण्याचे काम पद्माकर नावाच्या तरुणाला मिळाले. नगरीतल्या एका वृद्ध आचार्यांचा हा पट्टशिष्य. लोक आचार्यांना आबा म्हणत. पद्माकर छाती फुगवून त्यांच्याकडे आला.

आबांनी विचारले, “या नियमात कुणाला सूट नाही ना?”

“कुणालाही नाही, आबा.”

“थोरल्यांनाही नाही?”

“त्यांना कशाला लागतेय सूट!”

“उत्तम,” आबा म्हणाले. “मग एकालाही सोडू नकोस.” आणि काठी टेकत ते स्वतः थोरल्यांकडे गेले व भरसभेत म्हणाले, “नियम मला मान्य आहे. फक्त तो तंतोतंत पाळा.” थोरल्यांनी त्यांना शालजोडी दिली. पद्माकर मात्र चरकला. ज्यांनी आयुष्यभर करुणा शिकवली, ते हे बोलतात? सगुणाने तर त्यांना रस्त्यातच अडवले.

“आबा, माझ्या आईच्या हातचा दोर तुमच्या आडावर आहे. तुम्हीसुद्धा?”

आबांनी खाली पाहिले आणि उत्तर न देता ते पुढे गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे पद्माकर पुढे सांगत असे.

दसरा आला. ढोलताशे, झेंडूच्या माळा, आणि घरांना कुलपे लावून सारी नगरी सीमेपार. शमीची पूजा झाली, आपट्याची पाने लुटून झाली. ऊन उतरू लागले तसे लोक परतले. वेशीचा मोठा दरवाजा बंद होता; फक्त त्यातली ठेंगणी दिंडी उघडी. तिच्यातून वाकल्याशिवाय आत जाता येत नसे. दिंडीत पद्माकर उभा. बाहेर, रस्त्याच्या कडेला, गोजरा वस्तीतल्या इतरांसह गाठोडे घेऊन आधीच बसलेली. त्यांच्यातली एकटी सगुणा तेवढी साक्ष देऊन आत गेली होती आणि दिंडीची चौकट धरून आईकडे पाहत होती.

वयाचा मान म्हणून आबा पुढे आले.

“आबा, तुमची नाळ कुठे पुरली?” पद्माकरने हसून विचारले.

“आजोळी. आडाशेजारी.”

पद्माकरचे हसू ओठांवरच राहिले. “म्हणजे?”

“म्हणजे काय? मी आईचा पहिला. पहिले बाळंतपण माहेरी होते, बाळा. तुमच्या घरी निराळी रीत आहे का?” एवढे बोलून आबा वळले आणि गोजराच्या शेजारी जाऊन मातीत बसले.

रांगेत हशा पिकला. म्हाताऱ्याचे बरे चालले आहे! मग पुढचा आला. तोही आपल्या घरातला थोरला मुलगा. त्याचा हसरा चेहरा एकदम कोरा झाला. त्यालाही बाहेर बसावे लागले. पुढचा थोरला. त्याच्यापुढचाही. सावकाराचा थोरला, सेनापती थोरला, आणि ज्योतिषी तर थोरला असून जुळ्यातला. मग बायका आल्या. एकूण एक सुना! कुणाचे माहेर डोंगरापलीकडे, कुणाचे नदीच्या काठी. पुजारीणबाई म्हणाल्या, “अगं बाई, मी तर परमुलखातली!” आणि मटकन बसल्या. बघता बघता दिंडीच्या आत उरले ते धाकटे, मधले, अविवाहित धाकट्या मुली, दोनतीन शेळ्या आणि सगुणा.

थोरल्यांची आई पालखीतून उतरली. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण जीभ ताठ.

“काय चाललंय रे हे?”

पद्माकरने चाचरत नियम सांगितला.

“असं होय? मग मी बाहेरचीच. आणि हा बी बाहेरचा.” तिने पालखीशेजारी उभ्या लेकाकडे बोट केले. “माझ्या माहेरी, चाफ्याच्या बुडाशी पुरलीय याची नाळ. मी उठून बसायच्या आत माझ्या आईनं पुरली.”

“आई, गप बस!”

“गप काय बस? नवरी होऊन या वेशीत आले तेव्हा दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते सगळे. उभा जन्म या गावाचं पाणी भरलं. तुझ्या बापाला चुलीशी बसून शहाणा केला. आणि आज मला इथं कुठली म्हणून विचारतोस? तुझ्याच गावात? मेल्या, तुला ह्यासाठी दूध पाजलं?”

थोरल्यांचा चेहरा कमानीच्या सावलीतही लाल दिसला. “हा विपर्यास आहे! नियम परक्यांसाठी आहे!”

“परका कोण, ते नियमच ठरवणार होता ना?” मातीत बसूनच आबांनी विचारले.

“नाळ ही एक भावना आहे!”

“आज दुपारपर्यंत पुरावा होती.”

आतून धाकट्या भावाचे डोके बाहेर आले. “दादा, तू घोर लावून घेऊ नकोस. गादीवर मी बसतो.”

तेव्हा मात्र थोरले ओरडले, “नियम रद्द! या क्षणी रद्द!”

पद्माकर दिंडीतून हलला नाही. “सरकार, बाहेरच्या माणसाला इथला नियम रद्द करता येतो का?”

काठी टेकून आबा उठले.

“वेस असावी,” ते म्हणाले. “दाराला कडी असावी, आत येणाऱ्याला नाव विचारावे. याला कुणाची ना नाही. पण बांध फोडायचा स्वतः आणि तहानेचा आळ घालायचा दोर वळणाऱ्या बाईवर? मायलेकी तोडायच्या आणि वर भूमीचे नाव घ्यायचे? जो नियम फक्त दुसऱ्याच्या पाठीचे माप घेऊन वळलेला असतो, तो नियम नव्हे, आसूड असतो. आपला जन्म कुठे झाला हे आपल्यातल्या कुणालाही स्वतःला ठाऊक नाही. कुणीतरी बाईने सांगितले म्हणून आपण ते मानतो. आणि तीच बाई तुम्हाला परकी?”

मग ते सगुणाकडे वळले. “पोरी, त्या दिवशी तुला उत्तर दिले नाही. आज आत तू आहेस, बाहेर आम्ही. नियम ठेवायचा की मोडायचा, तुम्ही आतल्यांनी सांगा.”

सगुणाने शेजारच्या धाकट्या-मधल्यांकडे पाहिले. कुणाची आई बाहेर होती, कुणाचा भाऊ. सारे दिंडीपासून बाजूला झाले. ती म्हणाली, “आधी माझी आई.”

गोजरा उठली. गाठोडे उचलण्याआधी तिने थोरल्यांच्या आईला हात दिला. दोघी एकमेकींच्या आधाराने वाकून आत गेल्या. मग आबा, पुजारीणबाई, सेनापती, सारे. थोरले सर्वांत शेवटी. मान वाकवायची सवय नसल्यामुळे त्यांचा फेटा चौकटीला अडकून बाहेरच पडला. तो कुणी आणून दिला नाही.

पुढच्या सभेत नाळेचे नाव निघाले नाही. बांधाचे निघाले. उंच कमानीचे दगड उतरवून तळ्यावर नेले, आणि ते ओढायला दोर कुणाचे होते, हे सांगायला नको.

दसऱ्याच्या त्या संध्याकाळी पद्माकर घरी आला, तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. तो घरातला दुसरा मुलगा. त्याची नाळ याच अंगणात पुरलेली. दिंडीत उभे राहायचा अधिकार त्याला त्यामुळेच मिळालेला. त्याने तिचे भाकरी थापणारे हात पाहिले. मग आयुष्यात प्रथमच त्याने विचारले,

“आई, तू कुठली गं?”

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. आईने पदराने हात पुसले, त्याला जवळ बसवले आणि आपल्या गावच्या नदीपासून सांगायला सुरुवात केली.