स्फटिका नदीच्या तीन गाठी

एका राज्यात, पूर्वेचा रस्ता जिथं संपे तिथं, स्फटिका नावाची नदी होती. अलीकडचा काठ या राज्याचा, पलीकडचा शेजारच्या राज्याचा. आणि मधलं पाणी इतकं नितळ, की नाव पाण्यात आहे की हवेत हे नवख्याला कळू नये. तळाच्या वाळूवर नावेची सावली पडे, ती पाहूनच माणसं म्हणत, "हां, खाली पाणी आहे म्हणायचं!" आश्विन सरत आला, पावसाळ्यातला गाळ बसला, की दुरून दुरून लोक नदी पाहायला येत. काठावर शिदोऱ्या सोडत, पाण्यात पाय सोडून बसत आणि निवल्या डोळ्यांनी घरी परतत.

पैलतीरी मात्र कुणी जात नसे, कारण जाताच येत नसे. नावाडी कितीही कसलेला असो, मध्य ओलांडला की नाव जिथून निघाली त्याच काठाला येऊन लागे. आवाजही पलीकडे पोचत नसे. इकडच्यांना तिकडची माणसं दिसत, हसताना दिसत, भांडताना दिसत, पण ऐकू काही येत नसे. हे तीस वर्षं चाललं होतं.

झालं होतं ते असं. या राज्याचा राजा शूरध्वज, आणि पैलतीरीचा राजा केतुमान हा त्याचा मेहुणा. केतुमानाची थोरली बहीण हेमवती ही शूरध्वजाची राणी. एका वर्षी पूर ओसरला आणि नदीच्या अगदी मध्यात तळाशी सोन्याची एक पेटी दिसू लागली. पाणी नितळ, तेव्हा पेटी दोन्ही काठांवरून दिसे. शूरध्वज म्हणाला, माझी. केतुमान म्हणाला, माझी. निवाड्याला धूम्रकेश जादूगाराला बोलावलं. तो म्हणाला, अर्धी अर्धी घ्या. तर दोघंही उसळून म्हणाले, "हा समोरच्याला फितूर आहे!" धूम्रकेशाने पाण्यावर काठी आपटली. "पेटी हवी ना? मग बसा तिच्याकडे बघत!" एवढं बोलून तो निघून गेला, आणि दोन्ही राजे खरोखरच बघत बसले.

हेमवती राणी दर भाऊबीजेला तबक घेऊन नदीवर जाई. पलीकडे तिचा भाऊ पाट मांडून बसे. ती इकडून हवेलाच ओवाळी, तो तिकडून हात जोडी. मग दोघं आपापल्या वाड्यांत परतत, आणि त्या दिवशी राणी कुणाशी फारसं बोलत नसे.

यंदा धनत्रयोदशीच्या सकाळी ती खिडकीत केस विंचरत होती, तोच निळ्या पाठीचा एक खंड्या गजावर येऊन बसला.

"राणी, तुझ्या भावाच्या डोळ्यांत पडदा उतरतो आहे," तो म्हणाला. "काल त्याने खांबालाच प्रधान समजून हुकूम सोडला. पुढच्या भाऊबीजेला तुझा दिवा त्याला दिसायचा नाही."

राणीची फणी केसांतच थांबली. तिने विचारलं, "शाप सुटायला काही वाट आहे?"

"आहे. नदी जिथून कोसळते त्या धबधब्याआड धूम्रकेश राहतो. त्याला विचार."

"हे तुला तीस वर्षं ठाऊक होतं? मग बोलला का नाहीस?"

"मला जो तो पेटीचं विचारी," खंड्या म्हणाला. "वाटेचं आज तूच विचारलंस."

राणी उठली ती थेट राजाकडे गेली. शूरध्वज गच्चीवर बसला होता. तिथून पेटी स्पष्ट दिसे.

"महाराज, मी धूम्रकेशाकडे जाते आहे."

"सीमेचा प्रश्न नाजूक असतो, राणी."

"माझ्या भावाचे डोळे त्याहून नाजूक झाले आहेत."

राणीने फौज नेली नाही, पालखी नेली नाही. सगुणा नावाडीण आणि तिची नाव, एवढंच घेऊन ती निघाली. सगुणा बोलायला तिखट आणि वल्ह्याला खंबीर. काठाकाठाने वर जात त्या उन्हं कलायच्या आत धबधब्यापाशी पोचल्या.

पाण्याच्या पडद्याआड धूम्रकेश उद्याच्या अभ्यंगासाठी दाढीला तेल चोळत बसला होता. दाढी गुडघ्यांपर्यंत होती, त्यामुळे काम लांबलं होतं.

"शाप परत घ्या," राणी म्हणाली.

"गाठ मारणाऱ्याला ती सोडवता येत नाही, असा जादूचा नेम आहे. दुसऱ्याने सोडवावी लागते." त्याने तेलाची वाटी खाली ठेवली. "गाठी तीन. पहिली आवाजाची. ती मी एका गोट्यात बांधून नदीत टाकली. तो बाहेर काढ. दुसरी पेटीची. तिची किल्ली मगरीच्या जिभेखाली आहे, ती सुटेपर्यंत पेटी तळावरून हलायची नाही. तिसरी नावेची. पेटीला ज्या दोघांनी 'माझी' म्हटलं, त्यांनी 'तुझी' म्हणावं. पण मनापासून."

"आणि मुदत?"

"भाऊबीजेचा सूर्य मावळेपर्यंत. एकही गाठ उरली तर तिन्ही पुन्हा बसतील, आणि मग त्या कधीच सुटायच्या नाहीत."

राणीने नमस्कार केला. निघताना ती म्हणाली, "दाढीला आधी कोमट पाणी लावा, तेल लवकर मुरतं." जादूगाराने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, अभ्यंगस्नान उरकून दोघी सकाळच्या कोवळ्या उन्हातच नदीवर आल्या. खाली लाखो गोटे. हिरवे, तांबडे, पांढरे, ठिपक्यांचे.

"आईसाहेब, यातला मंतरलेला कोणता ते कसं कळायचं?" सगुणा म्हणाली. "आभाळातली आपली चांदणी शोधण्यातला प्रकार झाला हा."

राणी नावेच्या काठावर हनुवटी टेकून पाहत राहिली. पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं, की ऊन तिरपं आहे, आणि प्रत्येक गोट्याच्या पश्चिमेला त्याची चिमुकली सावली पडली आहे. मग ती गोटे सोडून सावल्याच पाहू लागली. नाव हळूहळू सरकत होती. एका पांढऱ्या गोट्यापाशी ती ताडकन उठली.

"थांबव! याला सावलीच नाही."

"मी उतरते, आईसाहेब..."

पण राणीने कासोटा घट्ट खोचला होता. याच नदीत ती मुलगी असताना पोहायला शिकली होती. साठ वर्षांच्या राणीने सूर मारला तेव्हा काठावर सहलीला आलेल्यांचे घास हातातच राहिले. पाणी बर्फासारखं गार होतं. ती खाली गेली, गोटा मुठीत धरला आणि धापा टाकत वर आली.

गोटा नावेच्या फळीवर टेकला, आणि पैलतीरावरून आवाज आले. आधी एक कुत्रं भुंकलं. मग धुणं आपटल्याचे फटके ऐकू आले. मग कुणीतरी हाक मारली.

"अक्का!"

राणीने ओळखलं, पण क्षणभर लागला. तीस वर्षांत तो आवाज म्हातारा झाला होता.

"अक्का, पाण्यातून बाहेर ये आधी! सर्दी होईल!"

"मी आहे हे कसं कळलं तुला?" राणी ओरडली. तिचे दात वाजत होते, आणि तिला हसूही येत होतं आणि रडूही.

"कुणी उडी मारली म्हणून माझी माणसं सांगत होती. इतक्या गार पाण्यात दुसरं कोण उडी मारणार!"

त्या दिवशी नाव दुपारपर्यंत तिथंच होती. बहीणभाऊ नदीच्या दोन बाजूंनी ओरडून बोलत होते. सगुणा सांगते, की बोलण्यात निम्म्या तर खाण्याच्या गोष्टी होत्या.

अमावास्येला त्या मगरीच्या बेटावर गेल्या. वाळूत मोडके भाले रोवलेले होते. किल्लीसाठी दोन्ही राज्यांतून आलेल्या वीरांचे होते ते. वीर पळून गेले होते. मगर उन्हात पडली होती. तिचं तोंड एका बाजूला सुजलं होतं.

"पेटीसाठी आलीस?" मगरीने दातांतून विचारलं.

"भावासाठी आले. तोंडाला काय झालंय?"

"किल्ली जिभेखाली रुतली आहे. तीस वर्षं मी एका बाजूने चावते आहे."

"अगं बाई! मग कुणाला सांगितलं नाहीस?"

"येणारा प्रत्येक जण भाला घेऊन येई."

राणीने बाह्या सारल्या आणि वाळूत बसली. "आ कर बघू."

मगरीने जबडा उघडला. सगुणाने डोळे मिटून कुलदैवताचा धावा सुरू केला. राणीचा हात कोपरापर्यंत आत गेला. किल्ली मांसात रुतली होती. मगर थरथरू लागली.

"हलायचं नाही. माझ्या दोन्ही लेकांच्या घशातले काटे मी असेच काढले आहेत. एवढंसं दुखेल, मग झालं."

एक झटका, आणि किल्ली बाहेर आली. मगरीच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहिलं, आणि ते अगदी खरं होतं. तिने दोन्ही बाजूंनी जबडा मिटून पाहिला, राणीच्या पायांशी शेपूट टेकवली आणि पाण्यात शिरली.

आता उरली तिसरी गाठ. राणीला भीती होती ती हिचीच.

पाडव्याच्या सकाळी तिने राजाला ओवाळलं. शूरध्वज म्हणाला, "ओवाळणीत काय घालू?"

"उद्या नदीवर चला. आणि ती पेटी केतुमानाला द्या."

राजाचा चेहरा लाल झाला. तो उठला, गच्चीच्या टोकापर्यंत गेला आणि तिकडेच तोंड करून उभा राहिला. मग तो हळूच म्हणाला, "राणी, पेटीचा लोभ दोन वर्षांतच सरला होता. पुढे माघार कशी घ्यायची तेच कळेना. प्रजा काय म्हणेल?"

"प्रजा तीस वर्षं म्हणतेच आहे, महाराज. तुमच्यासमोर म्हणत नाही, एवढंच."

राजाने वळून पाहिलं. त्याच्या मिशा हलल्या. "काय म्हणते?"

"ते मी सांगणार नाही. पाडवा आहे."

शूरध्वज मोठ्याने हसला. "उद्या जाऊ," तो म्हणाला.

भाऊबीजेला दोन नावा नदीच्या मध्यावर समोरासमोर थांबल्या. मधे एक हात अंतर. सगुणाने बुडी मारून पेटीला दोर बांधला आणि पेटी वर आली. दोन्ही राजांनी चार हातांनी ती दोन नावांच्या मधे तोलून धरली.

शूरध्वजाने घसा खाकरला. "केतुमान, ही तुझी."

काहीच झालं नाही. दरबारात जहागीर बहाल करावी तसं तो बोलला होता. राणीने मान खाली घातली. सूर्य कलू लागला होता.

तेवढ्यात राजाने समोर नीट पाहिलं. केतुमान हसत होता, पण त्याची दुधाळ नजर राजाकडे नव्हती. ती वीतभर बाजूला, रिकाम्या पाण्यावर लागली होती. शूरध्वज पुढे वाकला.

"केतुमाना, माझं चुकलं रे. तीस भाऊबीजा मी तुझ्या बहिणीला काठावर उभं ठेवलं. ही पेटी तुझी. खरंच तुझी."

"नाही दाजी, तुमचीच," केतुमान म्हणाला. "मीही हट्टाला पेटलो होतो."

"अरे, तुझी म्हणतो ना!"

"दाजी, मी सांगतो, तुमची!"

"मी मोठा आहे, घे मुकाट्याने!"

दोघं पेटी एकमेकांकडे ढकलू लागले, नावा डुचमळू लागल्या. "अहो, आता यावरून नका भांडू!" सगुणा ओरडली. त्याच गडबडीत राणीने किल्ली कुलपात घातली आणि फिरवली.

झाकण उघडलं. आतून सोन्याच्या हजारो मासोळ्या उसळल्या, पाण्यात पडल्या आणि शेपट्या हलवत नदीभर पांगल्या. दोन्ही राजे तोंड उघडं टाकून पाहत राहिले. पकडायला कुणी हात घातला नाही.

आणि राणीची नाव, कुणी वल्हं न मारता, एक हात अंतर ओलांडून पुढं सरकली, आणि तशीच जाऊन पैलतीराच्या वाळूला लागली.

केतुमान आपल्या नावेतून उतरून पाटावर बसला. राणीने कुंकू लावलं, ओवाळलं, त्याच्या तोंडात करंजी भरवली. डोळ्यांतला पडदा शापाचा नव्हता, वयाचा होता. तो काही हटला नाही. पण केतुमानाने दोन्ही हातांनी तिचा चेहरा चाचपून पाहिला.

"अक्का, म्हातारी झालीस गं."

"आणि तू काय कोवळा राहिलास?" राणी म्हणाली, आणि भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

पुढं नदीवर नावांच्या फेऱ्या सुरू झाल्या. इकडच्या लेकी तिकडे नांदायला गेल्या, तिकडचं मीठ इकडच्या चुलींवर आलं. सीमा नदीच्या मध्यातच राहिली. मासोळ्या तिच्यातून दिवसभर ये-जा करतात, त्यांना कुणी अडवत नाही. ज्या काठावर ज्याचं माणूस उभं असेल, त्याची नाव त्या काठाला लागो. आणि ही गोष्ट ऐकणाऱ्याचं पाणी सदा नितळ राहो.