बोटभर वर सरकलेली रेघ

या गोष्टीला किती वर्षं झाली, ते सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. एवढंच ठाऊक आहे, की तेव्हा त्या नदीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या बाजाराला जायचं तर होडीशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

नदी मोठी, तिची ओढ जबर. म्हणून राजाने घाटावर एक राखणदार नेमला होता. लोक त्याला घाटदादा म्हणत. माणूस साधा. लिहिणं-वाचणं बेताचंच, पण पाणी ओळखायचा. दर वर्षी पावसाळा सरला, की तो एकेका होडीत माणसं बसवून ती किती भार सुखाने पेलते ते बघायचा. मग तेलात कालवलेल्या चुन्याने होडीच्या अंगावर बाहेरून एक पांढरी रेघ ओढायचा. नियम एवढाच होता: रेघ बुडाली, तर होडी सुटायची नाही.

हा नियम लहान पोरालाही कळायचा. गर्दी झाली, की काठावरची एखादी म्हातारी ओरडायची, "अरे मेल्यांनो, रेघ बुडाली की! उतरा एक-दोघं खाली." मग कुणी हसत, कुणी कुरकुरत उतरायचं. घाटदादाला फारसं बोलावंच लागायचं नाही.

घाटावर वीस-बावीस लहान होड्या होत्या, ज्याची होडी त्याची. त्यांतला एक म्हातारा नावाडी घाटदादाचा लहानपणापासूनचा सोबती. दुपारची भाकरी दोघे एकत्र खात. याशिवाय एका शेठजींच्या पाच मोठ्या नावा होत्या. पण लोकांना लहान होड्याच सोयीच्या पडत, आणि शेठजींच्या नावा अर्ध्या रिकाम्या जात.

एके दिवशी वाऱ्याच्या झोताने एक लहान होडी उलटली. माणसं पोहून काठाला लागली. एक शेळी तेवढी वाहून गेली.

त्याच संध्याकाळी शेठजी स्वतः घाटदादाच्या ओट्यावर आले. एवढा मोठा माणूस आपल्या घोंगडीवर बसला, याचंच घाटदादाला अप्रूप वाटलं.

"घाटराव," शेठजी म्हणाले. आजवर त्याला कुणी राव म्हटलं नव्हतं. "आज शेळी गेली. उद्या माणूस जाईल. तेव्हा राजा जाब कुणाला विचारील? तुम्हाला."

"मग काय करावं, शेठजी?"

"नियम कडक हवेत. मलाही लागू होऊ देत, माझी ना नाही. तुम्ही सांगा, माझा कारकून लिहून देईल. त्याला दरबारी भाषा चांगली येते."

काय सांगावं ते घाटदादाला सुचेना. आपण शिकलेलो नाही, ही सल त्याच्या मनात होतीच. त्याने नुसती मान डोलावली आणि कारकुनाने आपल्या मनाने लिहिलं: होडी सोळा हातांपेक्षा लहान नसावी, तळ सागवानी असावा, वल्ह्यांवर चार माणसं असावीत. घाटदादाने तो कागद दरबारात अडखळत वाचला. राजाने भरसभेत त्याची पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा नावाडी आपल्या होडीशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"दादा, माझी होडी अकरा हातांची. आता हिला दोन्हीकडून धरून ताणू का?"

भोवतीचे नावाडी हसले. घाटदादा हसला नाही. "नियम सगळ्यांच्या जिवासाठी आहे रे."

"तीस वर्षं झाली. माझ्या होडीत कुणाचा पाय तरी ओला झाला का?"

"तरी नियम तो नियम."

"बरं. पण तो नेमका शेठच्या नावांच्या मापाचा कसा निघाला, तेवढं सांग."

ज्या प्रश्नाला उत्तर येत नाही, तो विचारणाऱ्याचाच राग येतो. "होडी वर ओढ," एवढंच तो म्हणाला आणि वळला. त्या दुपारी त्याने भाकरी एकट्याने खाल्ली.

सगळ्या लहान होड्या वाळूवर आल्या. उन्हाने त्यांच्या फळ्या फाटल्या. पुढे एकेक करून त्या चुलीत गेल्या आणि नावाडी पोटामागे परगावी गेले. म्हातारा मात्र नदी सोडून जाऊ शकला नाही. तो शेठजींच्या नावेवर वल्हं मारायला राहिला.

आता नदीवर शेठजींच्याच नावा उरल्या. काठावर माणसं ताटकळू लागली.

"घाटराव," शेठजी म्हणाले, "ती रेघ त्या टरफलांसाठी होती. माझ्या नावा भक्कम आहेत. रेघ एक बोट वर घेतली, तर काय बिघडतं? लोक खोळंबतात, आणि शिव्या तुम्हाला देतात."

लोक शिव्या देत होते, हे खरंच होतं. घाटदादाने रेघ बोटभर वर काढली. वर्षभर काही झालं नाही. पुढच्या वर्षी शेठजी म्हणाले, "गेल्या साली काही झालं का?" रेघ आणखी बोटभर वर गेली. तिसऱ्या वर्षी त्यांनी सुचवलं, की चुना लोकांच्या कपड्यांना लागतो. त्यापेक्षा नावेच्या मागच्या टोकाला, नदीच्या बाजूने एक पितळी खिळा ठोकावा. तो पाण्याच्या वर आहे का, ते नावेचा मुकादम बघेल. घाटदादाने तेही मान्य केलं. तो खिळा काठावरून दिसत नसे. म्हाताऱ्या ओरडेनाशा झाल्या.

घाटदादाने शेठजींकडून कधी सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. हे तो अभिमानाने सांगायचा, आणि ते खरंही होतं. फक्त लग्नकार्यात शेठजी त्याला शेजारी बसवत आणि चार शहाण्यांसमोर विचारत, "घाटराव, तुमचं काय म्हणणं?" त्या एका प्रश्नावर तो महिनोन्‌महिने खूश असे.

मग जत्रेचा दिवस आला. नाव गच्च भरली. आत बसलेली एक बाई न वाकता पाण्यात बोटं बुडवून हसत होती, इतकं पाणी काठाशी आलं होतं.

वल्ह्यावरून म्हातारा नावाडी ओरडला, "दादा, नाव जड आहे! वल्हं मारलं तरी अंग हलवत नाही. हात वर कर, थांबव तिला."

मुकादमाने मागे वाकून बघितलं. "खिळा चांगला दोन बोटं वर आहे. घाटराव, अडवायची असेल तर कोणत्या नियमाने अडवताय, तेवढं सांगा."

घाटदादाच्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. आयुष्यभर त्याने पाणीच तर वाचलं होतं. त्याचा हात कमरेपर्यंत आला. पण कागदात तसं कलम नव्हतं, आणि तो कागद त्यानेच दरबारात वाचला होता. हात तिथेच थांबला.

"जाऊ दे," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वल्हं पाण्यात घातलं.

मध्यावर ओढ लागली. नाव कलली, आणि मग पाण्यावर नुसत्या टोपल्या दिसू लागल्या. सदतीस माणसं गेली. म्हाताऱ्या नावाड्याने दोन मुलं काठाला लावली आणि तो पुन्हा पाण्यात शिरला. तो परत आला नाही.

दरबार भरला. शेठजींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. हात जोडून ते म्हणाले, "महाराज, फार वाईट झालं. पण खिळा पाण्याच्या वर होता. माझ्या माणसांनी एकही नियम मोडलेला नाही."

राजाने घाटदादाला विचारलं, "हे खरं?"

"खरं आहे, महाराज."

"म्हणजे नियमच कमी पडले. आणखी कडक नियम करायला हवेत." राजा प्रधानाकडे वळला. "कोण लिहील?"

"महाराज, राज्यात नावांची सर्वांत जास्त माहिती शेठजींनाच आहे," प्रधान म्हणाला.

घाटदादा कधी न बोलणारा माणूस, पण त्या दिवशी पुढे झाला. "महाराज, त्यांना नको. नावाड्यांना विचारा."

"विचारू की," राजा म्हणाला. "कोणत्या नावाड्यांना?"

नावाडी केव्हाच परगावी गेले होते आणि म्हातारा नदीत. आठवून आठवून घाटदादाला एकही माणूस सांगता येईना. मग राजाने कोरा कागद शेठजींकडे द्यायला सांगितलं.

नवे नियम जुन्यांपेक्षा दुप्पट झाले. त्या नियमांत बसणारी नाव आता फक्त शेठजीच बांधू शकत होते. घाटदादाने त्याच दिवशी नोकरी सोडली. त्यानंतर तो कुणाशी फारसं बोलत नसे. कधी बोललाच, तर एवढंच म्हणे, "मी लाच घेतली असती, तर निदान मला कळलं तरी असतं, की मी काहीतरी विकतोय."

तात्पर्य: ज्याला आवरायचं त्याच्याच हाती नियम लिहायला दिला, की नियम त्याची राखण करतो आणि माणसं बुडतात.