कड्यावरची म्हातारी आणि वहीवाला पंडित

फार फार वर्षांमागे, तुमच्या पणजोबांचे पणजोबा दुपट्यात रडत होते त्याच्याही आधी, एका उंच कड्याखाली एक गाव होतं. कड्यावर रानातली माणसं राहायची. त्यांची बोली खाली कुणाला कळत नव्हती, आणि कळून घ्यायची हौसही कुणाला नव्हती.

एका वर्षी काय झालं, रोज सकाळी एक म्हातारी कड्यावर उभी राहायला लागली. दोन्ही हात उडवायची आणि ओरडायची, "झुमे ताकूऽ! झुमे ताकूऽ!"

गाव म्हणालं, शिव्या देते. पाटील म्हणाला, शाप देते. एकदा ती खाली आली, तर तिच्यावर कुत्री सोडली. मग पुन्हा ती वर, आणि पुन्हा तेच ओरडणं.

तक्रार राजाकडे गेली. राजानं दरबारातल्या पंडिताला बोलावलं. या पंडिताला सात भाषा यायच्या, आणि सातही भाषांत तो स्वतःचंच कौतुक करायचा.

"पंधरा दिवस देतो," राजा म्हणाला. "ती काय म्हणते ते शोधा. नाही कळलं, तर सोळाव्या सकाळी माझे तिरंदाज तिला गप्प करतील."

"पंधरा कशाला महाराज? पाच पुरे," पंडित म्हणाला, आणि जाडजूड वही बगलेत मारून कडा चढला.

म्हातारीनं त्याला पाहिलं आणि धावत येऊन त्याची बाहीच धरली. ओढत ओढत कड्याच्या टोकाकडे न्यायला लागली.

"अहो आजी, ढकलून देता की काय!" पंडित किंचाळला. त्यानं तिला हाताला धरून दगडावर बसवलं. "आधी शब्द. शिकायची एक पद्धत असते."

मग पद्धत सुरू झाली. त्यानं झाडाकडे बोट दाखवलं आणि भुवया उडवल्या. म्हातारीनं झाडाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. पंडितानं लिहिलं. दगड, आभाळ, नाक, कान, सगळ्यांना बोटं दाखवून झाली.

तिसऱ्या दिवशी म्हातारीचा चेहरा एकदम मवाळ झाला. एवढा दाढीवाला बाप्या, आणि याला झाड कशाला म्हणतात ते माहीत नाही, नाक कुठलं ते माहीत नाही! तिच्या माणसांत असलं फक्त दुधपीतं पोर विचारतं. बिचारीनं त्याचं तोंड धुतलं, मऊ कंद कुस्करून भरवला आणि दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचा ठिपका लावला.

पंडित चक्रावला. सात भाषा येणाऱ्या माणसाला काजळ? हा मान की अपमान? त्यानं वहीत लिहिलं, "कारण कळले नाही." पुढच्या पानावरही तेच. नंतर नंतर तर वहीत शब्द कमी आणि "कळले नाही" जास्त.

म्हातारी रोज त्याची बाही ओढायची, तो रोज तिला बसवायचा. मग ती एकटीच टोकाकडे जायची. तिथं जमिनीला एक भेग होती. भेगेवर ती काठी आडवी ठेवायची. दुसऱ्या दिवशी काठी आत पडलेली असायची, की ही आणखी लांब काठी आणायची. पंडितानं तेही लिहिलं, "म्हातारीचा खेळ. भाषेशी संबंध नाही."

दहा दिवस गेले. तेरा गेले. शब्द चारशे झाले, पण त्यात झुमे नव्हतं आणि ताकूही नव्हतं. पंडिताला रडू यायला लागलं. परवा या बाईला बाण लागणार, आणि ही आज आपल्याला कंद भरवतेय!

सोळाव्या सकाळी म्हातारी ओरडून आली आणि निखाऱ्यात कंद भाजायला बसली. पंडित वहीत डोकं खुपसून होता. भूक लागली म्हणून न बघताच त्यानं हात पुढे केला, थेट निखाऱ्यात.

"झुमे ताकूऽ!" म्हातारी किंचाळली आणि त्याच्या हातावर फटका मारला.

पंडितानं वहीतून डोकं वर काढलं. तेच शब्द, तोच आवाज. ही शिवी नव्हे आणि शापही नव्हे. पोर विस्तवाकडे निघालं की आई जे ओरडते, ते हे!

त्यानं पहिल्यांदा वही खाली ठेवली आणि भेगेकडे पाहिलं. आजची काठी पुरुषभर लांब होती, आणि तीही आत पडली होती.

पंडित कडा उतरला म्हणजे जवळजवळ घरंगळलाच. चावडीवर सगळं गाव तिरंदाजांची वाट बघत जमलं होतं.

"पळा! कडा सुटतोय! ती सरका म्हणतेय!"

"आधी गालाचं काजळ पुसा," कुणीतरी म्हणालं. गाव खो खो हसलं.

"वहीत लिहिलंय का तसं?" पाटलानं विचारलं.

"नाही हो! वहीत सगळं आहे, तेवढंच नाही!"

"मग बसा."

आता सात भाषांचा काय उपयोग? पंडितानं पाटलाच्या डोक्यावरचं पागोटं उचललं आणि धूम ठोकली, सरळ नदीकडे.

"चोर! धरा!" पाटील मागे, पाटलामागे काठ्या घेऊन गडी, गड्यांमागे पोरं कडेवर घेऊन बाया. आंधळा म्हाताराही नातवाच्या खांद्यावर बसून "काय झालं, मलाही सांगा" म्हणत निघाला. असला तमाशा सोडून घरी कोण थांबतं?

नदीपलीकडे पंडिताला धरलं. पहिली काठी उगारली, आणि मागे धडाडधूम झालं. वळून पाहतात तो काय, गावाच्या जागी नुसती धूळ.

धूळ बसली तेव्हा भेगेच्या पलीकडे, उरलेल्या कड्यावर म्हातारी दिसली. हात उडवत नव्हती. एकेक माणूस मोजत होती.

पाटलानं हातातली काठी टाकली आणि मान खाली घातली. कुत्री सोडणारा तोच होता. तिरंदाज आले तसे परत गेले.

पंडित मात्र पुन्हा वर गेला. या वेळी वही न उघडता महिनाभर तिच्यासोबत पाणी भरलं, कंद खणले. काजळ रोज लावून घेतलं. ते का, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, पण आता तो पुसत नसे.

तर पोरांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याची बोली शिकायची, तर तो काय म्हणतो ते लिहायच्या आधी तो काय करतो ते बघावं.