गावकुसातून गेलेला दोर

शेळवडे गावी विभूतगिरी महाराजांचा मुक्काम पडला तो चैत्रात, भैरोबाच्या यात्रेआधी पंधरा दिवस. पाटलांच्या वाड्यात पाट मांडून रांगोळ्या घातल्या होत्या, पण महाराज वेशीतून आत शिरलेच नाहीत! गावकुसाला वळसा घालून ते थेट मांगवाड्यात गेले आणि केरबा दोरवाल्याच्या अंगणात बसले. आपण असतो तर पाटलांच्या पंगतीकडे धावलो असतो, खोटं कशाला बोला!

आता तो मांगवाडा कसा होता ते ऐका. एका बाजूला गावाची दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला ओढा, ओढ्यापलीकडे पाटलांची शेतं. मधल्या वीस हात रुंदीच्या पट्टीत तीस घरं, अशी दाटलेली की लांबीला मोकळी वाट नाही. गायरानात पाऊल टाकायचं नाही, वेशीच्या आत यायचं नाही, असा पंचांचा जुना ठराव. आणि या माणसांचा धंदा कोणता? तर दोर वळायचा! दोर वळणारा कमरेला अंबाडीचा वाख, म्हणजे सोललेले तंतू, बांधतो आणि धागा सोडत सोडत मागे मागे चालत जातो. जेवढी जागा सरळ मिळेल तेवढाच दोर सलग निघतो. वीस हातांवर केरबाची पाठ भिंतीला टेकायची, की आली गाठ. गाठीचा दोर म्हणून बाजारात निम्मं मोल, म्हणून घरात अर्धपोटी लेकरं. आणि वर हैबतराव पाटील मिशा पिळत म्हणायचे, "ह्यांच्या हाताला सलग काय जमतच न्हाई. जातच तशी!" ऐकून चीड येते की नाही, तुम्हीच सांगा.

त्या वर्षी पंचांनी हुकूम काढला. भैरोबाचा रथ ओढायला ऐंशी हातांचा बिनगाठीचा दोर हवा. यात्रेपर्यंत मिळाला नाही, तर मांगवाड्याचं बलुतं बंद. बलुतं म्हणजे सुगीला गावाकडून मिळणारं धान्य, तीस घरांची वर्षाची भाकरी.

केरबा वेशीबाहेर उभा राहिला, हात जोडून म्हणाला, "धनी, गायरानात दोनच दिस जागा द्या. ऐंशी हात वळून देतो."

"आन् जागा कशाला?" हैबतराव हसले. "तुझ्या घरी गोसावी आलाय न्हवं? त्याला सांग, चमत्कार कर म्हनून!"

पंच पोट धरून हसले. केरबा परत आला आणि महाराजांपुढे मटकन बसला. "महाराज, तीस घरांच्या तोंडचा घास चाललाय. मी वळायला तयार हाय, पर भिताड आडवं येतंय."

महाराजांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, "उद्या वाख बांध. देवाचं नाव घे आणि मागे चालत राहा. भिंतीचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी केरबाची बायको सारजा ओढ्याकाठी दोराला पीळ देणारी चरखी फिरवायला बसली. केरबानं डोळे मिटले आणि मागे चालू लागला. पाच हात झाले, दहा झाले, एकोणीस झाले. आता दगड टोचणार म्हणून त्यानं अंग चोरलं. दगड टोचला नाही.

"अगं बया, भिताडात शिरलं की हे!" सारजा किंचाळली.

"हात थांबवू नकोस, माय," महाराज म्हणाले.

भिंतीपलीकडे भैरोबाच्या आवारात पंच रथ धुवून घेत होते. काय सांगावं, मंडळी! धडधाकट दगडातून आधी एक पाठ बाहेर आली, मग डोळे मिटलेला सगळा केरबा! ओठांवर भैरोबाचं नाव, हातातून सुटणारा दोर. भिंतीला चीर नाही की भोक नाही. बघणाऱ्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. पुजाऱ्याच्या हातातलं ताम्हन खाली पडलं. भिंतीपासून साठ हात चालून केरबाची टाच देवळाच्या पायरीला लागली तेव्हा त्यानं वळून पाहिलं, तर समोर भैरोबा! जन्मात पहिल्यांदा दिसला. गडी लहान मुलासारखा रडला हो.

हैबतराव भानावर आले ते रागातच. "ओढून घ्या रं त्यो दोर!" दहा गडी झटले, दोर तसूभर हलला नाही. भिंतीनं तो घट्ट धरून ठेवला होता. "मग तोडा!"

पुजारी चाचरत म्हणाला, "पाटील, तोडला तर जोडायला गाठ लागेल. गाठीचा दोर रथाला चालत नाही, हुकूम आपलाच आहे."

तेवढ्यात महाराज वेशीतून चालत आले. म्हणाले, "पाटील, केरबाचं काम झालं. दोर मोकळा करायचं काम तुमचं. भिंत तुमची आहे."

शेवटी हैबतरावांनी स्वतःच्या हातानं पहार घेतली. दगड निखळले तसे ते वाकून पलीकडे बघू लागले. चाळीस वर्षं पाटीलकी केली, पण ही बाजू त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. एवढीशी जागा, तीस चुली, आणि अजून चरखीचा दांडा धरून बसलेली सारजा.

"महाराज, ह्यांना जमत न्हाई म्हनत हुतो मी. जागा तर आमीच अडवून बसलो हुतो की! आता हे खिंडार बुजायचं न्हाई. हितनं देवळापतुर दोर वळायची जागा ह्यांची, आन् बलुतंबी चालू ऱ्हाईल." असं म्हणत ते महाराजांचे पाय धरायला धावले.

महाराज बाजूला झाले. "माझे पाय कशाला? हसलात कोणाला?"

हैबतरावांनी पागोटं उतरवलं आणि केरबाच्या पायांशी ठेवून ते वाकले. केरबा बावरून मागे सरू लागला. आपली सावली पाटलांवर पडू नये म्हणून जन्मभर बाजूला होत आलेला माणूस तो! महाराजांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"सरू नकोस, केरबा," ते म्हणाले. "उभा राहा."

आणि साऱ्या गावादेखत केरबा उभा राहिला.