पालथी होडी

“एकोणीस? कोण एकोणीस?”

लहूबाबांनी विचारलं आणि हातातला डांबराचा डबा वाळूत ठेवला.

“बुडालेले, बाबा,” उन्मेष म्हणाला. “आपल्या घाटावर. गेल्या पाच वर्षांत.”

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. आमच्या जीवरक्षक मंडळाचा सचिव मी, आणि अर्जावर सही माझीच होती.

लहूबाबा कोण ते सांगायला हवं. नदीच्या या काठाला आमची वस्ती. पलीकडे रस्ता, कॉलेज, दवाखाना, सगळं. पुलाचं म्हणाल तर तो दर निवडणुकीला होतो आणि नंतर वाहून जातो. साठ वर्षं हा माणूस होडीतून आमची ने-आण करतोय आणि कुणी पाण्यात पडलं की बाहेर काढतोय. मंडळ त्यांनीच उभं केलं. वस्तीतल्या झाडून सगळ्यांना पोहायला त्यांनीच शिकवलं, उन्मेषलासुद्धा.

तोच उन्मेष आता शहरात राहतो आणि गावोगावच्या मंडळांना अनुदान मिळवून देतो. अर्ज लिहिण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे म्हणतात. तो स्वतः जरा जास्तच म्हणतो.

होडी जुनी झालीय. तळाची फळी इतक्यांदा डांबरून झालीय की आता लाकूड कमी आणि डांबर जास्त. नवी होडी हवी होती, दोर हवे होते, लाईफ जॅकेट हवी होती. एका संस्थेकडे आम्ही दोनदा अर्ज केला. त्यात एक रकाना असायचा: पाच वर्षांत बुडून झालेले मृत्यू. आम्ही इमानदारीत लिहिलं, शून्य. दोन्ही वेळा उत्तर आलं, गरज सिद्ध होत नाही.

तिसरा अर्ज उन्मेषनं लिहिला. आकडा बघून मी दचकलो होतो, खोटं कशाला बोलू. पण सही केली. होडीच्या लोभानं केली.

“आणि मंजूर झालंय, बाबा!” उन्मेष हसत म्हणाला. “आज चार वाजता त्यांचे साहेब येताहेत. घाट बघतील, दोन प्रश्न विचारतील, की झालं. तुम्ही फक्त मान हलवायची.”

“पण मेलं कोण?”

“कुणी नाही हो. कागदावर.”

“कागदावर…”

“बाबा, शून्याला कोण विचारतो? त्यांच्या टेबलावर शंभर अर्ज पडलेले असतात. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. माझं रोजचं काम आहे हे. सगळेच लिहितात.”

बाबांनी डांबराच्या डब्याचं झाकण लावलं. मला वाटलं, पटलं म्हाताऱ्याला.

“एकोणीस माणसं गेली,” ते शेवटी म्हणाले, “आन् म्या एकदाबी होडी पालथी घातली न्हाई? केवढं पाप झालं माझ्या हातनं!”

आणि ते उठले.

आमच्या घाटाची एक रीत आहे. नदीत कुणी गेलं की होडी काठावर ओढून पालथी घालायची. दहावा होईपर्यंत ती सुलटी करायची नाही, मग पलीकडे कितीही काम असो. घाट असा उघड्यावर आहे की पालथी होडी वस्तीतल्या प्रत्येक दारातून दिसते. मी ती शेवटची पाहिली तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं.

“बाबा, काय करताय?” मी ओरडलो.

“धर.”

मी का धरली, देव जाणे. साठ वर्षं ज्यांचा शब्द मोडला नाही कुणी, त्यांचा मी काय मोडणार? दोघांनी होडी ओढली. उलटी केली. तिचा काळा तळ वर आला.

उन्मेष हसायचा थांबला.

“बाबा, हे काय? साहेब येणार आहेत…”

वस्तीतून एक किंकाळी आली. मग धडाधड दारं वाजली.

सगळ्यांत पुढं शेवंता होती. अनवाणी, हाताला पीठ, पदर कुठं जातोय त्याची शुद्ध नाही. तिची प्रतीक्षा पलीकडे कॉलेजला जाते. सकाळी बाबांच्याच होडीतून गेली होती.

“कोण गेलं? बाबा, कोण गेलं?”

तिनं बाबांचा दंड धरून हलवला.

“माझी प्रतीक्षा न्हाई ना? तुमच्या होडीतनं गेली ती… बाबा, बोला की!”

बाबांनी उन्मेषकडे बोट दाखवलं.

“एकोणीस गेली म्हनतोय ह्यो. तुजी हाय का त्यात, त्यालाच इचार.”

म्हाताऱ्याचा इतका संताप आला की जीभ टाळूला चिकटली. शेवंता मटकन खाली बसली आणि पुन्हा उठली. तिनं उन्मेषचा इस्त्रीचा शर्ट दोन्ही मुठींत धरला.

“सांग रं! सांग माझ्या लेकराचं!”

मागून लोक येतच होते. जो येत होता तो आपल्या माणसाचं नाव घेत होता. आमचा दिनकर बाजाराला गेलाय. आमची आत्या दवाखान्यात गेलीय. इंदू कुठाय? इंदूला कुणी बघितलं का? म्हातारा पांडबा तर काही न विचारताच रडायला लागला.

उन्मेषचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज फुटला तो रडल्यासारखा.

“कुणी नाही! मावशी, कुणी गेलं नाही! कुणीच मेलं नाही!”

“मग ही होडी?”

“मी खोटं लिहिलं… अर्जात. पाच वर्षांत एकोणीस बुडाले म्हणून. नवी होडी मिळावी म्हणून.”

शेवंताच्या मुठी सुटायला वेळ लागला. शर्टावर पिठाची बोटं उमटली होती.

“माझ्या पोरीचं मरान लिवलंस?”

“नाही मावशी, नाव कुणाचंच नव्हतं. नुसता आकडा…”

“मग त्या आकड्यात कोन व्हतं रं?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, दुसरं काय सांगू?

शेवंता मग बाबांकडे वळली.

“आन् बाबा, तुमी? तुमाला तरी काळीज हाय का?”

लहूबाबांनी तिच्यापुढं हात जोडले. एवढ्या वयाच्या माणसाला कुणापुढं हात जोडताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

“चुकलो पोरी. तुजी पोर खुशाल हाय. म्याच उतरवली सकाळी.”

ती डोळे पुसत, एकटीच, घराकडे गेली. हळूहळू बाकीचेही गेले. जाताना उन्मेषकडे कुणी बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

आम्ही तिघांनी होडी सुलटी केली. या खेपेला उन्मेषनंही हात लावला. तीन वाजून गेले होते.

“साहेबांना आत्ताच फोन करतो,” तो म्हणाला. “खरं काय ते सांगतो. शून्य.”

बाबांनी मान हलवली.

“पण बाबा, होडी गेली मग. तिसऱ्यांदा ‘गरज नाही’ म्हणतील.” त्यानं वाकून तळाच्या फळीवर हात ठेवला. “आणि ही फळी उद्या भर पाण्यात फुटली तर? हे लोक… प्रतीक्षा… खोटं नको, कबूल. पण मग मी त्यांना सांगू तरी काय? इथं कुणी मरत नाही, म्हणून होडी द्या?”

पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाळी दिली. चार-पाच माणसं उभी होती, होडीची वाट बघत.

बाबांनी होडी पाण्यात लोटली. चढले. बांबू हातात घेतला.

“बाबा, काय सांगू?”

“इचार त्यास्नी… आधी कुनाला बुडू देऊ?”